राजूरला थांबा

मे सरत आला आणि वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की राजूरच्या रस्त्याचे रूप शनिवारी दुपारपासून पालटते. एरवी इथे एसटी, दुधाच्या गाड्या, बाजाराला निघालेल्या पिकअप आणि कॉलेजची मुले दिसतात. त्या शनिवारी मात्र पुणे, संगमनेर, नगरकडून येणाऱ्या मोटारींची रांग संपता संपत नाही. सगळ्यांची तोंडे पश्चिमेला. भंडारदरा अजून पंधरा-सतरा किलोमीटर. अंधार पडायच्या आत पोहोचायचे, जागा धरायची, काजवे बघायचे. राजूरला कुणी उतरत नाही. उतरलेच तर पेढे घेण्यापुरते, आणि तेही गाडी चालू ठेवून.

मुंबई-नाशिकच्या माणसाला तर राजूर दिसतच नाही. तो घोटीवरून, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून धरणाकाठच्या शेंडी गावात उतरतो. दोन्हीकडची वाहने धरणाभोवतीच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर समोरासमोर येतात आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला तिथे जे होते त्याला गावकऱ्यांचा साधा शब्द आहे: जाम. गावातून आजारी माणसाला न्यायचे असले तरी त्याच रस्त्याने, त्याच रांगेतून न्यावे लागते.

हे राजूर अकोले तालुक्यातले. गणपतीचे राजूर जालना जिल्ह्यात आहे, ते वेगळे. हे प्रवरेच्या खोऱ्यातले, डांगाणाच्या तोंडाशी वसलेले बाजाराचे गाव. इथून पश्चिमेला डांगाण, म्हणजे महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा मुलूख, सुरू होतो आणि सह्याद्रीच्या कड्याशी संपतो. कड्याखाली कोकण. पावसाचा इथला हिशेब ऐकला की भूगोल लगेच कळतो. कड्याला टेकलेल्या घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्याच्या ठिकाणी, अकोल्यात, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका. राजूर या दोहोंच्या मधले.

काजव्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण गर्दीचे खरे दुखणे तिथे आहे. काजवा आयुष्याचा बहुतेक काळ अळी म्हणून जमिनीत, ओल्या पालापाचोळ्यात काढतो. गोगलगायी खाऊन वाढतो. पंख फुटल्यानंतर त्याच्या वाट्याला येतात दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. लुकलुकणे ही त्याची बोली आहे. नर लय धरून चमकतो आणि मादी उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात पेटू-विझू लागतात तेव्हा माणूस बोलायचा थांबतो, हे ज्याने पाहिले त्याला पटवून द्यावे लागत नाही. पण मोटारीचे दिवे, मोबाईलचा टॉर्च आणि फ्लॅश त्या बोलीवर ओरडतात. झाडाखाली शंभर माणसे उभी राहिली की गवतात असलेल्या माद्या आणि अंडी पायाखाली जातात. यंदा तुडवलेल्या जागी पुढच्या वर्षी अंधार कमी चमकणार. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते १९८६ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव विभाग हंगामात वेळेचे आणि वाहनांचे नियम लावतो. पण चार-पाच शनिवार-रविवारी साऱ्या महाराष्ट्राने एकाच झाडाखाली यायचे ठरवले, तर नियम पाळून घ्यायला नाक्यावर उभी असलेली माणसे कुठवर पुरणार?

काजवे संपले की धबधबे सुरू. रंधा, अंब्रेला, नेकलेस. मग १५ ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी. थंडीत तळ्याकाठचे तंबू, सांदण दरीतले दोर, ३१ डिसेंबरची रात्र. बाराही महिने गर्दी पाण्याच्या त्याच काठावर.

तो काठ माणसाने केलेला आहे. १९१० साली काम सुरू झालेले भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन धरण म्हणून ओळखले गेले. उंची ८२ मीटरच्या पुढे, साठा ११ टीएमसीच्या घरात. आता जलाशयाला कंपनी सरकारविरुद्ध लढलेल्या राघोजी भांगरे यांचे नाव आहे. हे पाणी प्रवरेतून खाली ओझरच्या बंधाऱ्याला जाते, तिथून उजव्या-डाव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला. लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या बळावर. ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो त्यांच्या शेताला मात्र उन्हाळ्यात पाणी नाही. म्हणून डांगाणातल्या तरुणाला पर्यटक हवा आहे, आणि ही बाब गर्दीवर रागावणाऱ्या शहरी माणसाने आधी समजून घ्यावी. तंबू लावून, जेवण करून, वाट दाखवून त्याच्या घरात चार पैसे येतात. नगदी म्हणून आणखी होता बाळहिरडा, आणि त्याचा भाव कधीच त्याच्या हातात नव्हता. गर्दी नको असे म्हणणे सोपे आहे. ती कुठे थांबवायची, हा प्रश्न अवघड आहे.

त्याचे एक उत्तर रतनवाडीच्या देवळात सापडते आणि तिथून ते थेट समुद्रकाठी घेऊन जाते.

जलाशयाच्या पार टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वर उभा आहे. प्रवरा इथेच उगम पावते. देवळाचे शिखर लहान लहान शिखरांच्या ओळी रचत वर गेलेले आहे. याच घडणीचे, याहून मोठे आणि जास्त नक्षीचे शिवालय अंबरनाथला आहे आणि तिथल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, अशी नोंद आहे. देवळाजवळ खोल दगडी पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. हे बांधले कुणी? परंपरा नाव घेते शिलाहार राजा झंझ याचे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत असे आले आहे की झंझाने शंकराची बारा देवळे उभारली. ती कोणती हे ताम्रपट सांगत नाहीत. लोकांनी आणि काही अभ्यासकांनी ती सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांवर शोधली आणि अमृतेश्वराला त्या बारांत बसवले. आजचे देऊळ घडणीवरून झंझानंतरचे दिसते. तरी हे नाव सोडवत नाही, कारण झंझाचा उल्लेख आणखी एका ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण आहे चौल.

अल् मसुदी हा बगदादचा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि झंझ नावाचा अधिपती राज्य करतो, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे ज्याच्या नावाने रतनवाडीतला गुरव आजही देवळाची गोष्ट सुरू करतो, त्याच्या राज्याची, परंपरा खरी मानली तर, दोन टोके होती. एक अरबी समुद्रावरच्या बंदरात आणि दुसरे नदीच्या उगमाशी, धुक्यात.

चौल आज कुठे आहे? अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की नारळी-पोफळीच्या वाड्या दाट होत जातात, आणि सोळा-सतरा किलोमीटरवर आधी चौल येते, लगेच रेवदंडा. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सुरू झाली. मुंबईची मोटार तासाभरात पलीकडे उतरू लागली आणि अलिबागचा किनारा शनिवार-रविवारी ओसंडू लागला. वर्सोली, नागाव, पुढे काशीद, मुरूड. त्या रांगेतली वाहने चौलच्या मधोमध जातात. जशी राजूरमधून जातात तशीच.

खरे तर या एका गावात दोन हजार वर्षे आहेत. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये ते सेमुल्ला आहे, टॉलेमीकडे सिमुल्ला आणि कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुल. चौलच्या समुद्रात १५०८ मध्ये इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा पडला. पुढे पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी वखार घातली आणि किल्ला बांधला, तो रेवदंड्याचा. गावच किल्ल्यात वसलेले आहे. तटाच्या दरवाजातून एसटी आत शिरते, आणि माडांच्या बनात सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले उभे दिसतात. समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली एक बोली अजून घराघरात बोलली जाते. रेवदंड्यात बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे. चौलात रामेश्वराचे देऊळ आहे, हिंगळाज आहे, दत्ताची टेकडी आहे, जुना हमामखाना आहे. हे सगळे पायी किंवा सायकलवर एका दिवसात बघून होते, आणि बघताना वाडीतल्या पाटाचे पाणी वाहत असते. अलिबागच्या वाळूवर उंटावर बसून फोटो काढणाऱ्या माणसाला हे अर्ध्या तासावर आहे.

आणि चौलचा नगरशी जो संबंध आहे तो नगर जिल्ह्यातल्या शाळेत नीट शिकवायला हवा. जुन्नरहून राज्य उभे करून अहमद निजामशहाने १४९० मध्ये नगर शहर वसवले. त्या निजामशाहीचे बंदर चौल. मुर्तजा निजामशहाने १५७० च्या अखेरीस पोर्तुगीज चौलला वेढा घातला. काही महिने तोफा धडधडल्या, आणि १५७१ मध्ये तह झाला. १५९४ मध्ये कोर्लईचा निजामशाही कोटही पोर्तुगीजांनी घेतला. रेवदंडा मराठ्यांकडे आले ते १७४० मध्ये, वसईच्या मोहिमेनंतर. आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण त्याच्या राजधानीचे घोडे, रेशीम आणि मोती एके काळी याच खाडीतून वर चढत होते.

त्या वाटेने चढलेल्या एका माणसाने प्रवास लिहून ठेवला आहे. त्वेर शहरातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. विकायला एक घोडा आणला होता. चौलहून पाली, तिथून घाट चढून उमरी, मग जुन्नर. जुन्नरला त्याला पावसाळ्याने गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो सांगतो. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तरच देईन म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. ज्या पावसाने त्याला जुन्नरात अडकवले, त्याच पावसात हरिश्चंद्रगडाच्या अलीकडच्या बाजूला डांगाण भिजत असते. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, एका शाळेच्या आवारात. फार थोडे लोक तिथे थांबतात.

गर्दीचे हे दुखणे आपल्याकडेच आहे असे नाही. व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या २९ दिवसांसाठी एका दिवसाच्या पाहुण्याकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेतले. त्या जुन्या शहरात कायम राहणारी माणसे पन्नास हजारांच्या खाली आली आहेत. त्याच खाजणाच्या दक्षिण टोकाला किओज्जा हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तिथेही कालवे आहेत, पूल आहेत आणि सकाळचा मासळीबाजार आहे. ज्यांना हे कळते ते तिथे मुक्काम करतात. अलिबाग आणि रेवदंडा यांचे नाते असेच आहे, आणि पाणी गोडे असले तरी भंडारदरा आणि राजूर यांचेही.

राजूरला थांबून काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. गाव देखणे नाही. बाजारपेठ आहे, एसटी स्टँड आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, सत्यनिकेतन संस्थेचे शाळा-महाविद्यालय आहे, जिथे आजूबाजूच्या वाड्यांतली मुले शिकली. आठवडेबाजाराच्या दिवशी डांगाण खाली उतरते आणि गावाचा खरा चेहरा दिसतो. नाचणी, वरई, खुरासणी, हंगामात करवंदे आणि रानभाज्या, बांबूच्या पाट्या-डाले. पेढ्यांची दुकाने आहेत. राजूरचा पेढा तालुक्याच्या बाहेर गेला आहे आणि त्याच्या मुळाशी या भागातल्या म्हशींचे दूध आहे. बाजाराच्या सकाळी दोन तास इथे फिरले, तर धरणाच्या भिंतीवर दिवसभर बसून कळणार नाही एवढा तालुका कळतो.

आणि राजूरला मुक्काम टाकला की पश्चिमेऐवजी तिन्ही दिशा उघडतात.

देवगाव जवळच आहे. राघोजी भांगरे तिथले. सावकारी आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध महादेव कोळ्यांना उभे करणारा हा माणूस १८४० च्या दशकात पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा चार जिल्ह्यांच्या डोंगरांत फिरत राहिला. सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, कारण जमिनी जात होत्या त्या वह्यांतल्या आकड्यांवर. पंढरपूरला तो पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. जलाशयाला त्याचे नाव आहे, पण त्या पाण्यात पाय सोडून बसणाऱ्या किती जणांना देवगाव ठाऊक आहे?

उलट्या अंगाला, अकोल्याच्या पलीकडे आढळा नदीच्या खोऱ्यात टाहाकारी. सीतेने इथे टाहो फोडला म्हणून टाहाकारी, असे लोक सांगतात. नदीच्या काठी जगदंबेचे यादवकालीन देऊळ आहे, तीन गाभाऱ्यांचे. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी ओळीने उभ्या आहेत, कुणी आरसा धरलेली, कुणी वाद्य घेतलेली. शिखर मूळचे राहिलेले नाही, आणि वरचा तो उणेपणा खालच्या भिंती भरून काढतात. मंडपाच्या छताकडे मान वर करून पाहिले की दगड इतका पातळ कसा उलगडला हे कळेनासे होते. नवरात्रात इथे गर्दी होते, ती देवीची, गावोगावच्या बायकांची. इतर दिवशी दुपारी पारावर चार म्हातारी माणसे आणि देवळात पारवे. सिन्नरचा गोंदेश्वर पाहणारे टाहाकारी चुकवतात. दोन्ही एका दिवसात होतात.

टाहाकारीहून पट्टा किल्ला दूर नाही. १६७९ च्या अखेरीस जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगलांनी वाट अडवली, तेव्हा बहिर्जी नाईकाने शिवाजी महाराजांना आडवाटांनी इथवर आणले. महाराजांनी इथे विसावा घेतला म्हणून गडाचे नाव विश्रामगड झाले. आणि याच बाजूला कोंभाळणे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी घराच्या एका खोलीत गावरान वालांच्या, भाताच्या, भाज्यांच्या बियांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात आणि आंबेमोहोर या तालुक्यात पिकतात. राजूर-अकोल्याच्या खानावळीत पाहुण्याने काळभात मागितला, तर तो पेरणाऱ्याचा हुरूप वाढेल. गर्दीने करण्यासारखी ही एक चांगली गोष्ट आहे.

अकोल्यात प्रवरेकाठी सिद्धेश्वराचे कोरीव देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला भरणारी अगस्ती ऋषींची यात्रा आहे. त्यापलीकडे शहर म्हणून पाहण्यासारखे थोडे.

यात एक धोका आहे. भंडारदऱ्याची निम्मी गर्दी उचलून टाहाकारीच्या पारावर आणून बसवली तर देवीचेच हाल होतील. काशीदचे तसे झाले. मुरूडच्या वाटेवरचा एक शांत किनारा पर्यायी म्हणून गाजला आणि दहा-पंधरा वर्षांत तोही भरला. म्हणून जागा बदलण्याइतकेच पाहण्याची रीत बदलणे गरजेचे आहे. शनिवारऐवजी बुधवार. एका रात्रीऐवजी तीन. खासगी मोटार राजूरला ठेवून पुढचा प्रवास गावातल्या जीपने, म्हणजे अरुंद रस्त्यावरची वाहने कमी होतील आणि भाडे गावात राहील. काजव्यांच्या आठवड्यात तर हे व्हायलाच हवे. त्यासाठी राजूरला स्वच्छतागृहे लागतील, गाड्या लावायला जागा लागेल, रात्री परतणारी बस लागेल, माहिती सांगणारा एक फलक लागेल. बेत म्हणून हे फार मोठे नाही. धरणाकाठच्या आणखी एका रिसॉर्टला जेवढी जमीन लागते तेवढ्यात बसेल.

गावांना पेलणारी, त्यांची स्वतःची गर्दीही असते. मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, चौलच्या टेकडीवर पाच दिवस यात्रा भरते. पायऱ्या चढून जाणारे बहुतेक लोक आसपासच्या गावांतले असतात. खाली खाऊची, भांड्यांची, घोंगड्यांची दुकाने लागतात.

हिवाळ्यात राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेली ही डांगाणातली जात आहे. कातडी तेलकट, पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही, भाताच्या चिखलात खूर टिकतात. अकोले, इगतपुरीकडून लोक बैल आणि वळू घेऊन येतात, रात्रभर त्यांच्याजवळ जागतात. पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात, शिंगांना रंग दिलेला असतो, आणि जनावर विकत घ्यायचे नसले तरी दात बघायला माणसे थांबलेली असतात.